वाचकांचे प्रश्न : वाचनालयाच्या भिंतीवर चित्र काढून घ्यायचंय

सार्वजनिक जागेतल्या चित्रांबद्दल, शिल्पांबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, तर आलेली बहुतेक पत्रं वाचनालयांचीच निघाली. नावं छापत नाही आहोत. काहींनी तशी विनंती केली होती, आणि बाकीच्यांची आम्हीच गाळली, उगाच कमिटीत वाद नकोत.

प्रश्न : आमच्या वाचनालयाला पुढच्या वर्षी ७५ वर्षं होतायत. दर्शनी भिंत ३० बाय १० फूट, कोरी आहे, तिच्यावर म्युरल करायचं कार्यकारिणीत ठरलंय. देणगीतून ३ लाख जमतील असा अंदाज आहे. अध्यक्ष म्हणतात खुली स्पर्धा ठेवू, ज्याचं चित्र आवडेल त्याला काम आणि बाकीच्यांना प्रमाणपत्र. सुरुवात कुठून करायची?
— सचिव, तालुक्याच्या गावचं वाचनालय, सातारा जिल्हा

उत्तर : स्पर्धा नको. स्पर्धा म्हणजे वीस जणांनी फुकट डिझाईन करायचं आणि एकोणीस जणांनी प्रमाणपत्र घेऊन घरी जायचं, म्हणून ज्यांच्या हातात काम आहे ते चित्रकार मुळात भागच घेत नाहीत, आणि येतात ते ज्यांच्याकडे तयार डिझाईन पडून असतं ते, मग तेच चित्र तुमच्याकडेही लागतं आणि शेजारच्या तालुक्यातल्या मंगल कार्यालयातही. त्यापेक्षा आधी फक्त केलेल्या कामांचे फोटो मागवा, नवीन काहीही काढायला लावू नका. त्यातले तिघं निवडा, त्यांना वाचनालयात बोलवा, दिवसभर बसू द्या, लोक कधी येतात कुठे टेकतात ते बघू द्या, आणि मग तिघांकडून कच्चं रेखाटन घ्या, पैसे देऊन. ज्याचं निवडलं नाही त्यालाही पैसे, आणि ते रेखाटन त्याचं त्याला परत, त्यातलं काही उचलून दुसऱ्याला 'हे पण घाला' म्हणायचं नाही.

३ लाखांचं मी असं वाटप करेन : रेखाटनाचे ८-८ हजार तिघांना म्हणजे २४ हजार, भिंतीच्या दुरुस्तीला ४५ हजार, परांचीला २० हजार, रंग आणि सामान ३५ हजार, चित्रकाराचं मानधन मदतनिसांसकट १ लाख ३० हजार, अडीअडचणीला १६ हजार, आणि उरलेले ३० हजार चक्क बँकेत ठेव म्हणून, पुढे कधी चित्र पुसायला, धुवायला, डागडुजीला. हे शेवटचे ३० हजार ऐकले की कमिटी हसते. पण आज पैसे आहेत म्हणून ठेवता येतील, पाच वर्षांनी चित्राच्या डागडुजीसाठी कोण देणगी देतो? उद्घाटनाला देणारे खूप असतात. आकडे तुमच्या गावच्या भावाप्रमाणे हलवा, पण भिंतीचे आणि निगेचे पैसे चित्रकाराच्या मानधनातून कापू नका. आणि शासनाच्या परिरक्षण अनुदानाला यासाठी हात लावू नका, ते पगार, पुस्तकं, वर्तमानपत्रं अशा ठरलेल्या बाबींसाठी असतं, ऑडिटला उत्तर देता देता नाकी नऊ येतील.

निवडायला पाच जण पुरे. ग्रंथपाल पाहिजेच, कारण त्या भिंतीशेजारी रोज बसायचंय ते त्यांना. कार्यकारिणीतला एक, रोज येणारा एक वाचक (शक्यतो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा पोरगा किंवा पोरगी, तुमच्याकडे सगळ्यात जास्त तास तीच मंडळी बसतात), बाहेरगावचा एक चित्रकार ज्याला हे काम नकोय, आणि एक बांधकामातलं कळणारा माणूस. अध्यक्षांना घ्या, पण मत एकच. सर्वसाधारण सभेत हात वर करून चित्र निवडायचं नाही. तिथे नेहमी तेच चित्र जिंकतं ज्याला कुणाचाच विरोध नसतो, म्हणजे उघडं पुस्तक आणि त्यातून उडणारे पक्षी.

या उघड्या पुस्तकाबद्दल बोलूनच घेतो. चित्रकाराला विषय देताना एकच ओळ द्या. 'हे ७५ वर्षांचं वाचनालय आहे, इथे अमुक अमुक लोक येतात' एवढं पुरे. ज्ञानाचा दिवा, मोरपीस, शाईची दौत, ज्ञानेश्वर-तुकाराम डावीकडे आणि लॅपटॉपवाली मुलगी उजवीकडे अशी यादी दिली की चित्रकार ती यादी रंगवून देतो आणि मोकळा होतो. तुमच्याकडे जुनी दाखल रजिस्टरं असतील ना, पहिल्या वर्षी कोणती पुस्तकं घेतली त्याची मोडी वळणाच्या अक्षरातली यादी, रबरी शिक्के, देय दिनांकाच्या चिठ्ठ्या, ते सगळं टेबलावर काढून ठेवा आणि बघू द्या. चित्र तिथून निघेल.

विषय एका ओळीत, पण भिंतीची माहिती दोन पानं द्या. सकाळी दहाचा फोटो, दुपारी चारचा फोटो, ऊन कुठून येतं, विजेचा मीटर कुठे, पाण्याची पाइप कुठून जाते, एसी बसवायचा विचार आहे का आणि त्याचा आउटडोअर युनिट कुठे येणार, गणपतीत मांडवाची दोरी कुठल्या खिळ्याला बांधतात. चित्र होतं, उद्घाटन होतं, आणि दोन महिन्यांत त्याच्या बरोब्बर मध्यभागी नोटीस बोर्ड ठोकला जातो, कारण नोटीस बोर्ड आधीही तिथेच होता आणि लोकांना तिथेच बघायची सवय आहे. तो बोर्ड कुठे जाणार हे चित्र सुरू व्हायच्या आधी ठरवा आणि ठरावात लिहा.

पैसे चार हप्त्यांत द्या, सुरुवातीला ३० टक्के, भिंत तयार झाली की ३०, चित्र झालं की ३०, आणि शेवटचे १० पहिला पावसाळा गेल्यावर. म्हणजे दिवाळीच्या सुमारास दोघांनी मिळून भिंत बघायची.

प्रश्न : पाच वर्षांपूर्वी आमच्या बाहेरच्या भिंतीवर चित्र काढून घेतलं होतं, दुसऱ्याच पावसाळ्यात पोपडे निघाले. चित्रकार म्हणतो भिंत खराब होती, रंगवाला म्हणतो रंग चांगला होता. आता परत करायचंय. कोकणातलं वाचनालय आहे, जांभ्याची जुनी भिंत, वरून सिमेंटचं प्लास्टर.
— एक विश्वस्त, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : चित्रकाराचं बरोबर असण्याची शक्यता जास्त. जांभा पाणी पितो. वरून सिमेंट आणि त्यावर प्लास्टिकसारखा रंग चढवला की आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट राहत नाही, मग ते रंगालाच ढकलून बाहेर येतं. पोपड्याच्या मागे बोट फिरवून बघा, पांढरी मिठासारखी भुकटी लागली तर तो खार, म्हणजे पाणी आतून येतंय. भुकटी नाही आणि पोपड्याच्या पाठीला चुना चिकटून आलाय, तर जुनी सफेदी न खरवडता रंग मारलाय. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून आधी कारण शोधा, रंगाच्या कंपनीशी भांडण नंतर.

एक साधी परीक्षा करा. फूटभर बाय फूटभर जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक दिवसाने काढा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले किंवा खालची भिंत काळपट झाली असेल तर अजून ओल आहे. जमिनीपासून फूटभरावर, छातीच्या उंचीवर आणि वर छपराखाली अशा तीन ठिकाणी लावा. फक्त खाली ओल असेल तर पाणी जमिनीतून चढतंय, फक्त वर असेल तर पन्हळ किंवा कौलं गळतायत, त्यासाठी चित्रकाराची नाही गवंड्याची गरज आहे. ही परीक्षा मे महिन्यात करून फसू नका, मेमध्ये कोकणातली कुठलीही भिंत पास होते. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात करा.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात घ्या. नवीन प्लास्टर केलंत तर किमान २८ दिवस त्याला हात लावू नका, ताज्या सिमेंटमधला क्षार रंग खातो. कमिटीला उद्घाटनाची तारीख आधी जाहीर करायची फार हौस असते, प्रमुख पाहुण्यांची वेळ मिळालेली असते, आणि मग ओल्या प्लास्टरवर रात्रीचे दिवे लावून रंग चढतो. भिंत पश्चिमेला किंवा नैऋत्येला तोंड करून असेल तर पावसाचा सगळा मारा तिच्यावर, तिथे वर दोन फुटांचा छज्जा किंवा पत्र्याची पन्हळ नसेल तर मी तरी बाहेर रंगवायला सांगणार नाही.

मग काय करायचं? दोन मार्ग. एक, चित्र भिंतीवर न काढता सिमेंटच्या फायबर बोर्डवर काढून घ्या आणि तो बोर्ड गंज न लागणाऱ्या चौकटीवर, भिंतीपासून दीड-दोन इंच सोडून बसवा, मागून हवा खेळते, भिंत मोकळी राहते, आणि पुढे इमारत पाडायची वेळ आली तर चित्र काढून नेता येतं. प्लायवूड नको, वाळवी. दुसरा मार्ग टेराकोटा किंवा भाजलेल्या चिनीमातीच्या टाइल्स. खर्च जास्त, पण रंग भट्टीतच पक्का झालेला असतो. लखनौच्या रवींद्रालय नाट्यगृहाच्या बाहेरच्या भिंतीवर चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनी १९६३ मध्ये टेराकोटाचं मोठं म्युरल केलंय, अशी कामं भिंत सांभाळली तर पिढ्यानपिढ्या राहतात.

रंगच हवा असेल तर चित्रकाराला सांगा मातीचे रंग जास्त वापर. गेरू, पिवळी माती, काव हे लोहाचे रंग उन्हात उडत नाहीत. चमकदार गुलाबी, लिंबोणी पिवळा, जांभळा हे सगळ्यात आधी फिके पडतात. आणि चित्रावर घट्ट वॉर्निश चढवून 'वॉटरप्रूफ' करायच्या फंदात पडू नका, ओल असलेल्या भिंतीवर त्याने नुकसानच होतं.

प्रश्न : म्युरलऐवजी संस्थापकांचा अर्धपुतळा आवारात बसवावा असं काही सभासदांचं म्हणणं आहे. जागा आमचीच आहे, त्यामुळे परवानगी लागणार नाही ना?

उत्तर : लागेल असं धरूनच चला. पुतळ्यांसाठी राज्य शासनाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २ मे २०१७ चा शासन निर्णय वाचा. स्थानिक स्वराज्य संस्थेचा ठराव, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता, जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव असा तो रस्ता आहे. रस्त्यावर, फुटपाथवर तर विचारही करू नका, तिथे सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१३ चा मनाई आदेश आहे. संस्थापकांचा फोटो असेल तर आतल्या दालनात चांगल्या चित्रकाराकडून तैलचित्र करून घ्या. माझं मत विचाराल तर त्यांच्या नावाने दरवर्षी पुस्तकं घ्या.

प्रश्न : आमच्या वाचनालयात आठ वर्षांपूर्वी एका चित्रकाराने पैसे घेऊन भिंत रंगवली. करारबिरार काही नव्हता, पावती आहे. आता आम्हाला त्या चित्राचं कॅलेंडर छापायचंय, आणि लिफ्टसाठी भिंतीचा एक भाग तोडायचाय. चित्रकाराने वकिलाची नोटीस पाठवलीय. पैसे आम्ही दिले, भिंत आमची, मग चित्र कुणाचं?
— कार्याध्यक्ष, पुणे जिल्हा

उत्तर : भिंत तुमची, चित्राचे हक्क दोघांत वाटलेले. आधी कॅलेंडर. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ मध्ये असं आहे की पैसे देऊन कुणाकडून पेंटिंग करून घेतलं आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारा. म्हणजे कॅलेंडरच्या बाबतीत तुमची बाजू बरी आहे, पावती जपून ठेवा. (शिल्प असतं तर उलट झालं असतं, त्या यादीत शिल्प नाहीये.)

भिंत तोडायची गोष्ट वेगळी. त्याच कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे चित्रकाराचे काही खास हक्क त्याच्याकडेच राहतात, कॉपीराइट दुसऱ्याला दिला तरी. माझं नाव लावा, आणि माझ्या कामाची नाचक्की होईल अशी मोडतोड करू नका, असे ते हक्क. यावरचा गाजलेला खटला शिल्पकार अमरनाथ सहगल यांचा. दिल्लीच्या विज्ञान भवनात त्यांनी केलेलं ब्राँझचं म्युरल होतं, सुमारे १४० फूट लांब आणि ४० फूट उंच, सरकारनेच १९५७ मध्ये सांगितलेलं काम. १९७९ मध्ये नूतनीकरणात ते उतरवून गोदामात टाकलं, त्याचे तुकडे झाले, काही हरवले. सहगल १९९२ मध्ये कोर्टात गेले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये निकाल दिला, उरलेलं म्युरल कलावंताला परत करा आणि वर ५ लाख रुपये भरपाई द्या. कराराप्रमाणे कॉपीराइट सरकारकडेच होता, हे लक्षात घ्या.

म्हणजे लिफ्ट होणारच नाही असं नाही. दाखवायची सक्ती कायद्यात नाही, चित्र मांडलं नाही किंवा कलावंताच्या मनासारखं मांडलं नाही म्हणून हक्कभंग होत नाही असं त्याच कलमात म्हटलंय. पण अर्धं चित्र फोडून उरलेलं अर्धं तसंच ठेवणं ही सगळ्यात वाईट निवड. नोटिशीला तुमच्या वकिलाकडून उत्तर जाईलच, पण त्याआधी अध्यक्षांनी स्वतः फोन करावा, चहाला बोलवावं, लिफ्टचा नकाशा समोर ठेवावा. चित्रकाराला चांगले फोटो काढू द्या, जमत असेल तर तो भाग पुन्हा नव्याने मांडायला मानधन देऊन सांगा. बऱ्याचदा माणूस चिडलेला असतो तो न विचारल्याबद्दल.

पुढच्या वेळी करारात चारच गोष्टी लिहा : चित्राचे फोटो कोण कशासाठी छापणार, डागडुजी करायची झाली तर आधी कुणाला विचारायचं, इमारत बदलली तर किती दिवस आधी कळवायचं, आणि चित्रकाराचं नाव कुठे लागणार. कॉपीराइट लिहून घेताना मुदत आणि प्रदेश पण लिहा. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाचच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

प्रश्न : सर, मी जीडी आर्ट (चित्रकलेची शासकीय पदविका) करून दोन वर्षं झाली. आमच्या भागातल्या वाचनालयाने भिंत रंगवायला सांगितलीय, म्हणाले रंग आम्ही आणतो, जेवणखाण आमच्याकडे, पैसे नाहीत पण खाली तुझं नाव लिहू, तुला पब्लिसिटी मिळेल. सामाजिक काम आहे म्हणून नाही म्हणायला जीव होत नाही. काय करू?
— नाशिक

उत्तर : तुला अगंतुगं करतो, आमच्या विद्यार्थिनींच्याच वयाची आहेस. एक विचार त्यांना : गवंड्याला पैसे देताय का? परांचीवाल्याला? समोसे फुकट येणारेत का? सगळ्यांना मिळतायत आणि तुलाच नाही, तर ते सामाजिक काम तू एकटी करतेयस. खाली नाव लिहिणं हे मेहरबानी म्हणून सांगतायत, वर लिहिलंय बघ, तो तुझा कायद्याने हक्कच आहे.

खरंच मनापासून द्यायचं असेल तर दे, पण देणगी म्हणून दे. म्हणजे मानधनाचं रीतसर कोटेशन दे, समजा ६० हजार, त्यातले २० हजार मी वाचनालयाला देणगी देते असं पत्र दे, त्यांच्याकडून पावती घे, आणि उरलेले ४० हजार घे. त्यांच्या अहवालात देणगीदारांत तुझं नाव येईल, आणि पुढच्या चित्रकाराला ते सांगणार नाहीत की मागच्या मुलीने फुकट करून दिलं होतं. आणि परांचीवर एकटी चढू नकोस, खाली माणूस पाहिजे, बिनाकठड्याच्या परांचीवर तर अजिबातच नाही. अपघात झाला तर खर्च कोण करणार ते आधी विचारून घे, लाजू नकोस.

प्रश्न : आम्ही शाळेच्या मुलांकडून वाचनालयाच्या कंपाउंडवर वारली पेंटिंग करून घेणार आहोत, सोपं असतं आणि खर्चही नाही. ड्रॉइंगचे सर तयार आहेत. काही सूचना?
— एक शिक्षिका, ठाणे

उत्तर : सोपं असतं हे कुणी सांगितलं तुम्हाला? त्रिकोणाला त्रिकोण जोडला की माणूस होतो, वारली होत नाही. वारल्यांच्या घरी लग्नात सवाशिणी जो चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात त्यात पालघट देवी असते, तांदळाच्या पिठाने, गेरूच्या भिंतीवर, आणि ते 'काढत' नाहीत, 'लिहितात'. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी ते कागदावर आणून जगभर नेलं, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे या नावामागे डहाणू-तलासरी-जव्हारकडची खरी माणसं आहेत, आणि तुम्ही तर ठाण्यातच आहात, दोन तासांच्या अंतरावर.

मुलांनी भिंत रंगवू नये असं मी म्हणत नाही, जरूर रंगवावी, त्यांची स्वतःची चित्रं काढू द्या ना, वाचलेल्या गोष्टीतली, सायकलींची, कुत्र्यांची. वारलीच हवी असेल तर एका वारली चित्रकाराला मानधन देऊन बोलवा, मुख्य भाग ते करतील, मुलं बसून बघतील, मग कडेची पट्टी त्यांच्या हाताखाली करतील. सिंधुदुर्गातल्या वाचकांसाठी जाता जाता : तुमच्या कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे, एकेक चित्र दाखवत गोष्ट सांगायची परंपरा, तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. वाचनालयाला याहून जवळची चित्रकला मला तरी माहीत नाही, आणि तरी सिंधुदुर्गात सुद्धा भिंतींवर वारलीच दिसते!

प्रश्न : मी शिकागोजवळ राहते. इथल्या आमच्या भागातल्या लायब्ररीसाठी चित्रकार निवडायच्या समितीवर मला घेतलंय. मला चित्रातलं फार कळत नाही. तुमच्याकडचे आणि इकडचे प्रश्न सारखेच असतात का?

उत्तर : पैशाचा प्रश्न तुमच्याकडे जरा सोपा. शिकागो शहरात १९७८ पासून नियमच आहे की सार्वजनिक इमारतीच्या खर्चातले १.३३ टक्के कलाकामावर. आमच्याकडे कमिटीला देणगीदाराच्या दारात उभं राहावं लागतं. बाकी माणसं सारखीच.

तुमच्याच शहरातली एक गोष्ट समितीला जरूर सांगा. शहराच्या ग्रंथालयाच्या पश्चिमेकडच्या लेग्लर शाखेसाठी शहराने केरी जेम्स मार्शल या चित्रकाराकडून १९९५ मध्ये एक मोठं चित्र करून घेतलं, पुस्तकांसमोर उभी राहून वर बघणारी काळी मुलं-माणसं. मानधन १० हजार डॉलर. पुढे मार्शल यांचं नाव इतकं झालं की २०१८ मध्ये शहराने ते चित्र लिलावात काढायचं ठरवलं, अंदाज १ ते दीड कोटी डॉलरचा, त्या पैशातून शाखेची सुधारणा करू म्हणाले. लोकांनी आणि स्वतः चित्रकाराने नाराजी दाखवल्यावर महापौरांनी लिलाव मागे घेतला. ज्या वस्तीसाठी ते काढलं होतं तिथल्या मुलांना तसं चित्र दुसरीकडे कुठे रोज फुकट बघायला मिळणार होतं? म्हणून करारात 'हे काम या शाखेसाठी आहे' हे वाक्य घाला, आणि विकायचंच झालं तर कुणाला विचारून, हेही. चित्रातलं कळत नाही म्हणता, तर समितीत तेवढंच विचारत राहा की शाळा सुटल्यावर येणाऱ्या पोरांना हे कुठून दिसेल.

प्रश्न : एका कंपनीने सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) म्युरलचा खर्च द्यायची तयारी दाखवलीय, पण त्यांचा लोगो चित्रात पाहिजे म्हणतात. असं चालतं का? आणि वाचनालय आणि चित्र दोन वेगळे प्रस्ताव करावे लागतील का?
— सांगली

उत्तर : दोन प्रस्ताव नकोत. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कला-संस्कृती आणि सार्वजनिक ग्रंथालयं एकाच मुद्द्यात, पाचव्या, आलेत, तो मुद्दा प्रस्तावात लिहा. तुमच्या संस्थेची प्राप्तिकर खात्याकडची १२एबी (पूर्वीची १२ए) आणि ८०जी, आणि सीएसआरचे पैसे घ्यायला लागणारी सीएसआर-१ ही नोंदणी आहे का ते आधी बघा, कंपनीचा पहिला फोन त्यासाठीच येतो.

लोगो चित्रात नाही, पाटीवर. पाटी चित्राच्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीला, आणि तिच्यावर आधी चित्राचं नाव, मग चित्रकाराचं, साल, माध्यम, मदत करणाऱ्या कामगारांची आणि गवंड्याची नावं सुद्धा, आणि शेवटी अर्थसाहाय्य कुणाचं ते, बारीक अक्षरात. कंपनी ऐकत नसेल तर त्यांना सांगा की लोगो मोठा केलात की लोकांना ती जाहिरात वाटते आणि कोणी थांबून बघत नाही. हे कारण त्यांना पटतं, बाकीची पटत नाहीत. आणि नगरसेवकांचं नाव? ते उद्घाटनाच्या कोनशिलेवर येईलच, त्याची काळजी तुम्ही करायची गरज नाही.

प्रश्न : बालविभागाच्या भिंतीवर डोरेमॉन आणि छोटा भीम काढून घ्यावेत का? मुलांना आवडतात.
— ग्रंथपाल, बालविभाग, नागपूर

उत्तर : नको. एकतर ती पात्रं दुसऱ्यांच्या मालकीची आहेत, परवानगीशिवाय काढता येत नाहीत, बालवाड्यांच्या भिंतींवर सर्रास दिसतात ती गोष्ट वेगळी. दुसरं, ती टीव्हीवर रोज दिसतातच, वाचनालयात पण तीच कशाला. शांतिनिकेतनात चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींनी १९४६-४७ मध्ये हिंदी भवनात मध्ययुगीन संतांवर भित्तिचित्र केलं, ते भिंतीच्या वरच्या भागात आहे. तुमच्याकडेही खाली कपाटं असणार, मुलं तर जमिनीवर बसून वाचतात, म्हणजे मान वर केली की दिसेल असा वरचा पट्टा चित्रकाराला द्या. कपाटांच्या मधली तीन फुटांपर्यंतची भिंत मात्र चित्राशिवाय ठेवा, धुता येईल असा साधा रंग लावा आणि खडू द्या मुलांच्या हातात. दर शनिवारी पुसायची. पुसायला कोण, हे आधी ठरवून घ्या, नाहीतर ते तुमच्याच गळ्यात पडेल.